फ्रेंचमधल्या सासूबाई

मी फ्रेंचमध्ये लिहिते याचं लोकांना फार कौतुक वाटतं, आणि मीही ते वाटू देते. खरं कारण अगदी घरगुती आहे. आमच्या घरात मराठी तिघांना येतं आणि चौथीला, म्हणजे माझ्या लेकीला, समजतं. इंग्रजी सगळ्यांनाच येतं, सासूबाईंनाही कामापुरतं येतं. फ्रेंच फक्त मला येतं. पुण्यात कॉलेज झाल्यावर संध्याकाळचे क्लास करून मी ते शिकले, मग तिथेच शिकवायला लागले, आणि इथे न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला आल्यावरही लॅपटॉपसमोर बसून शाळेतल्या मुलांना तेच शिकवते. घरात खोल्या आहेत, पण माझी एकटीची अशी एकही नाही. लिहिलेलं टेबलावर उघडं टाकून उठता यावं एवढीच माझी अपेक्षा होती, आणि फ्रेंचमुळे ती भागत होती.

सासरे गेल्यानंतर सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. बाई अत्यंत टापटिपीची. मी पुसलेला ओटा त्या पुन्हा पुसतात, तेही मी तिथेच उभी असताना. मी लावलेली डब्यांची झाकणं एकेक दाबून बघतात. माझ्या लेकीच्या वेणीपासून माझ्या फोडणीपर्यंत प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एक दुरुस्ती तयार असते, आणि ती त्या इतक्या मऊ आवाजात करतात की रागवायचं तरी कशावर ते कळत नाही. आमचं भांडण असं कधी झालंच नाही. एखादं सणसणीत झालं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्या पक्क्या शाकाहारी. इथे दह्यातसुद्धा काय काय घालतात हे कळल्यापासून त्यांचा कोणत्याही पाकिटावर विश्वास राहिला नव्हता. मग माझ्या लेकीनं त्यांना फोनमधली एक युक्ती शिकवली. "आज्जी, जस्ट पॉइंट द कॅमेरा. इट्स हीप्स इझी." हीप्स म्हणजे इथल्या मुलांच्या बोलीत खूप. कॅमेरा छापील मजकुरावर धरला की अक्षरं जराशी थरथरतात आणि मराठी होऊन बसतात. तेव्हापासून सुपरमार्केटमध्ये आमची गाडी प्रत्येक रांगेत अडायला लागली. सासूबाई चष्मा कपाळावर चढवून, फोन पाकिटाच्या पाठीला टेकवून उभ्या. एकदा दह्याचा डबा हातात घेऊन त्यांनी "गुरांच्या हाडांपासून" असं मोठ्यांदा वाचलं आणि डबा दोन बोटांनी परत ठेवला. मदत हवी का विचारायला आलेल्या मुलीला त्यांनी गंभीरपणे "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून वाटेला लावलं. हा किस्सा मी दहा जणांना रंगवून सांगितला. त्यापलीकडे माझं डोकं गेलं नाही.

शॉवर असला तरी बादली आणि तांब्याशिवाय सासूबाईंना आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी चहा घेत बसले होते आणि बाथरूममधून धप्प असा आवाज आला. मी हातातला कप टाकून धावले. कप फुटला, चहा गालिच्यावर सांडला, तो डाग अजून आहे. मी दार ठोठावलं, तर आतून त्या म्हणाल्या, "अगं, बादली निसटली. एवढं काय?" मग बाहेर येऊन त्यांनी आधी गालिचा पाहिला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "कप ठेवून येता आलं असतं."

त्या वाक्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि त्यातूनच गोष्ट निघाली. परदेशात राहणारी एक बाई. सकाळची वेळ, बाथरूममधून धप्प आवाज येतो. ही उठत नाही. चहा सावकाश संपवते, कप धुते, ओट्यावर पालथा घालते, आणि मग जाते. शेवटी नवऱ्याचा फोन येतो तेव्हा ती म्हणते, "मला काहीच ऐकू आलं नाही." बस, एवढीच गोष्ट. त्यातल्या म्हातारीला मी सासूबाईंचा तांब्या दिला, त्यांचा कोरडा खोकला दिला, पुसलेला ओटा पुन्हा पुसायची सवय दिली. लिहिताना मला इतकं बरं वाटत होतं की थांबवेना. लिहून झाल्यावर मी ओटा पुसला, आणि सासूबाईंनी तो पुन्हा पुसला, आणि मला चक्क हसू आलं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांत राहून फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्यांसाठी एक पुरस्कार असतो. दोन्ही देशांतून एकेक लेखक निवडतात. मी गोष्ट पाठवली आणि विसरून गेले. निवडक गोष्टींमध्ये माझी आहे असा मेल आला तो नेमका नवऱ्याच्या देखत, आम्ही दोघं एका स्क्रीनवर विजेचं बिल बघत असताना. तो आनंदानं उडालाच. पाच मिनिटांत नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी गेली आणि पुणे, ठाणे, नाशिककडून फुलांचे गुच्छ यायला लागले.

"गोष्ट कशावर आहे?" त्यानं विचारलं.

"आहे आपली. एका म्हाताऱ्या बाईवर."

सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "माझ्यावर?"

"काहीतरीच काय आई," मी म्हणाले. त्या हसल्या. मी पण हसले, पण मला उगाचच तहान लागली.

मग निवडक गोष्टींचं छापील पुस्तक टपालानं आलं. पातळसं, पांढरं, मुखपृष्ठावर माझं नाव बारीक अक्षरात. मी क्लास घेत होते, त्यामुळे पाकीट सासूबाईंनी उघडलं. आमच्याकडे निकाल असो, नेमणुकीचं पत्र असो, नव्या गाडीची किल्ली असो, आधी देवापुढे जाते. मी बाहेर आले तेव्हा पुस्तक देव्हाऱ्यासमोर पाटावर होतं आणि त्याला हळदकुंकू लावून झालं होतं. माझ्या त्या गोष्टीला हळदकुंकू. मला ते बघवेना. लगेच उचलावं तर बरं दिसणार नाही, म्हणून मी ते राहू दिलं. काही दिवसांनी संधी साधून कपाटावर बॅगांच्या मागे ढकललं.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. काय ते मला पहिल्यांदा सांगता आलं नसतं. सासूबाई फोन घेऊन आंघोळीला जायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, भजनं लावते. पण आतून भजन कधी ऐकू आलं नाही. दाराची कडी लावेनाशा झाल्या. शनिवार-रविवारी, मुलगा घरी असला की, निवांत वेळ घेऊन आंघोळ करायच्या आणि एरवी दोन तांबे घेऊन बाहेर. मग त्यांनी मुलाला शॉवरशेजारी भिंतीत स्टीलचा दांडा बसवायला सांगितलं. "वय झालं रे," म्हणाल्या, "आपला आधार आपल्याला हवा." त्यानं रविवारी ड्रिल घेऊन तो बसवला, आणि त्या दांडा दोन्ही हातांनी ओढून बघत होत्या तेव्हा माझ्याकडे पाहत होत्या.

सकाळचा चहाही त्या स्वतःचा स्वतः करून घ्यायला लागल्या. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी माझ्या दुरुस्त्या करणं थांबवलं. भाजी खारट झाली तरी छान म्हणायच्या. ओटा मी पुसला की तसाच राहायचा. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता तो ओटा मीच पुन्हा पुसायला लागले. मनाला समजावत होते, म्हाताऱ्या होताहेत, दुसरं काय. त्यांना फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही.

समारंभ वेलिंग्टनला होता. आम्ही चौघं ट्रेननं गेलो. सासूबाईंनी मोरपंखी सिल्कची साडी नेसली होती आणि वर लेकीचं जुनं पफर जॅकेट, कारण दक्षिणेकडचा, इथला सगळ्यात थंड, वारा सुटला होता. हॉलमध्ये पन्नासेक माणसं असतील, बरीचशी फ्रेंच. मेलबर्नच्या एका म्हाताऱ्या लेखकाला त्या देशाचा पुरस्कार मिळाला. मग परीक्षक बाईंनी आमच्या देशाचं नाव घेतलं आणि त्यामागून माझं. टाळ्या झाल्या. बाई फ्रेंचमध्ये बोलत होत्या तोवर मी निर्धास्त होते. मग त्या थांबल्या, आमच्या रांगेकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, लेखिकेचं कुटुंब आलंय, त्यांच्यासाठी दोन शब्द इंग्रजीत सांगते.

बाई म्हणाल्या, ही गोष्ट ऐकण्याविषयी आहे, एका घरात कोण कोणाचं ऐकतं याविषयी. एवढंच बोलून त्या पुन्हा फ्रेंचमध्ये गेल्या. मी वळून पाहिलं. नवरा फोटो काढत होता. सासूबाई मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या आणि संथपणे मान हलवत होत्या, कीर्तनात ओळखीचा अभंग लागला की हलवतात तशी.

नंतर चहाच्या वेळी बाई त्यांच्यापाशी आल्या आणि तुम्हाला किती अभिमान वाटत असेल, असं म्हणाल्या. सासूबाईंनी इंग्रजीत उत्तर दिलं, "येस, व्हेरी मच. शी नोटिसेस एव्हरीथिंग." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. हात गार होता.

घरी आल्यावर नवऱ्याला ग्रुपवर टाकायला माझ्या गोष्टीच्या पहिल्या पानाचा फोटो हवा होता. मी बॅगांमागून पुस्तक काढलं. मुखपृष्ठावरचं हळदकुंकू पुसट झालं होतं. पण माझी गोष्ट जिथे संपते त्या पानाच्या कडेला कुंकवाचा एक अंगठा उमटला होता. आत कुंकू लावायची पद्धत नाही. पान सपाट राहावं म्हणून अंगठ्यानं दाबून धरलं होतं, दुसऱ्या हातात फोन धरता यावा म्हणून. दह्याचा डबा धरतात तसं.

मी त्याला पहिल्या पानाचा फोटो दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. पुस्तक घरात आल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. दांडा, उघडी कडी, भजनांचा फोन, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. मला शरम वाटली आणि भीती वाटली, आणि थोडा रागही आला, कारण बादली पडली तेव्हा मी धावले होते. कप फोडून धावले होते. ते त्यांनी कुठे वाचलं?

दुसऱ्या दिवशी बोलायचं ठरवलं. त्या वाती वळत होत्या. मी समोर बसले. "आई, ती माझी गोष्ट आहे ना..."

"बक्षीस मिळालं ना," त्या म्हणाल्या, "झालं तर मग."

"नाही, पण त्यातलं सगळं खोटं असतं. गोष्ट म्हणजे गोष्ट असते."

"हो की. तांब्या तेवढा खरा." त्यांनी वळलेली वात डबीत ठेवली आणि झाकण दाबून बघितलं. पुन्हा बोलू म्हणून मी उठले, आणि ते पुन्हा आलंच नाही.

गेल्या महिन्यातली सकाळ. नवरा वेलिंग्टनला ऑफिसात, लेक शाळेत. बाहेर पाऊस तिरपा लागला होता, वॉशिंग मशीन शेवटच्या फेरीत घरघरत होतं आणि मी स्वयंपाकघरात चहा घेत क्लासची तयारी करत होते. फोन वाजला. नवरा होता.

"अगं, आई पडलीय बाथरूममध्ये. तू आहेस कुठे?"

"घरात. स्वयंपाकघरात."

"मग तुला ऐकू नाही आलं?"

"मला काहीच ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

ते खरं होतं. कोणाच्याही गळ्याची शपथ घ्यायला मी तयार होते. पण वाक्य तोंडातून निघालं आणि ते मी स्वतःच ऐकलं, गोष्टीतलंच, अगदी शब्दशः. मी धावले.

दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, टॉवेल कसाबसा गुंडाळलेला, एक पाय वाकडा, चेहरा पांढराफटक. बादली आडवी. एका हातात फोन, त्यातून नवऱ्याचा आवाज, आई, ती आली का, ती आली का. त्यांनी हाक मारली असती तर मी चार ढांगांत पोचले असते. त्यांनी हाक मारली नव्हती. अप्पर हटमध्ये पडून त्यांनी वेलिंग्टनला फोन लावला होता.

मी खाली वाकले आणि हात पुढे केला. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि माझ्या हाताच्या वरून हात नेऊन स्टीलचा दांडा पकडला. मग त्यांची नजर माझ्या दुसऱ्या हाताकडे गेली. त्यात कप होता. या वेळी मी तो टाकला नव्हता, ठेवलाही नव्हता. तो तसाच हातात घेऊन आले होते, आणि तो रिकामा होता.

"चहा झाला का गं तुझा?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.