पानावर आडवा धरलेला हात

चाकणच्या शाळेत मास्तरांनी एकदा फळ्यावर अथेन्सची टेकडी काढली होती. वर देऊळ, खाली दाट गल्ल्या. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या मास्तरांमुळे. पुढे पिंपरीच्या कारखान्याने यंत्रं शिकायला युरोपात धाडलं आणि आमची बोट दुरुस्तीसाठी अथेन्सच्या बंदरात दिवसभर अडकली, तेव्हा ती टेकडी पाहायचीच असं मी ठरवलं.

सोबत आमचे फिटर होते, कासारवाडीचे. मी त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या उजव्या हाताला लोखंडाचं जे कळायचं, ते मला पुस्तकं वाचूनही कळत नव्हतं. त्यांचं सगळं घर त्या एका हातावर चाललं होतं.

सकाळीच शहरात मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. टेकडीखालच्या जुन्या वस्तीत काचांचा सडा पडला होता. एका पायरीवर एकटाच बूट आणि वाळलेलं रक्त.

"चाचा, परत फिरायचं का?"

"आता आलोय तर तुझं देऊळ बघूनच जाऊ, भावा. फुटायची ती डोकी फुटली सकाळी."

पुढे तांबटांची गल्ली लागली. ठोक्यांचा आवाज ऐकून चाचा खुलले. एका दुकानात त्यांनी पातेल्याच्या आतून बोटं फिरवली आणि मान डोलावली. तांबटाच्या कपाळाला रक्ताळलेला फडका होता, एक डोळा सुजून मिटला होता. तरी तो हसला, आणि त्याने दारूचा पेला पुढे केला. चाचांनी मानेनेच नको म्हटलं. त्याने पेला आणखी पुढे सरकवला. तेव्हा चाचांनी, पंगतीत वाढप्याला थोपवतात तसे, दोन्ही पंजे पसरून थेट त्याच्या तोंडासमोर धरले.

"बास, बास! आमी घेत न्हाई."

गल्लीतले सगळे हातोडे थांबले.

उघडा पंजा असा समोर धरणं म्हणजे तिथे माणसाच्या तोंडाला काळं फासणं. हे आम्हाला नंतर एका चपलावाल्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की पेला चाचांच्या दातांवर फुटला. शेजारचे धावून आले. कुणी माझ्या पोटात लाथ घातली, कुणी केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. चाचा रक्त थुंकत "भाऊ, भाऊ" म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी तेच पंजे पुढे करत होते. लोक आणखी पिसाळत होते. शेवटी दोघांनी त्यांना गुडघ्यांवर पाडलं आणि उजवा हात ऐरणीवर दाबून धरला. तांबटाने हातोडा उचलला.

मी सरपटत पुढे गेलो आणि त्यांच्या हातावर माझा हात आडवा ठेवला. धाडस वगैरे नव्हतं ते. वाढपी पुन्हा येतोय असं दिसलं की पानावर हात जातो, तसा गेला. हातोडा माझ्या दोन बोटांवर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला, दुखलं नंतर. मी गुरासारखा ओरडलो.

तांबट माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग त्याने हातोडा खाली टाकला आणि कपाळाचा फडका सोडून माझ्या हाताला गुंडाळला. त्याचीच जखम पुन्हा वाहू लागली. चपलावाल्याने आम्हाला गाडीत घालून बंदरावर पोचवलं. देवळाकडे मी मान वर करूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी बोटीवर भात होता. माझा उजवा हात फळीला बांधलेला. सुजलेल्या ओठांनी हळूहळू बोलत चाचा मला चमच्याने भरवू लागले. त्यांचा उजवा हात खरचटलेला होता, पण पाचही बोटं हलत होती. मी त्या बोटांकडेच बघत होतो.

"चाचा, पुरे."

त्यांनी आणखी भात वाढला.

"पुरे म्हणायला हात आडवा धरावा लागतो राव. तुझा हाय कुठं? खा गुमान."