माल्याहून आणलेली अकरा इरली

मुळशीची एस.टी. पिरंगुटाला बरीचशी रिकामी झाली तेव्हा कुठे मला बसायला जागा मिळाली, तीही शेजारच्या गृहस्थांच्या दुधाच्या किटलीवर पाय ठेवून. वैशाखाचं ऊन खिडकीतून थेट मांडीवर येत होतं आणि मी मनातल्या मनात सगळ्या जगावर चिडले होते.

ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही सातआठ बायकांनी पुण्यात एक दुकान काढलं होतं. खेड्यातल्या हातच्या वस्तू, टाकल्या तर मातीत मिसळून जाणाऱ्या. मध्ये दलाल नाही आणि दाम वस्तू करणाऱ्याने सांगायचा. हे तत्त्व मी येईल-जाईल त्याला कंटाळा येईपर्यंत ऐकवत असे. कंटाळा त्याला, मला नव्हे!

हॉलंडमध्ये असंच दुकान चालवणाऱ्या एक बाई पुण्यात आल्या होत्या. आमच्याकडे त्यांना इरलं (भातलावणीत डोक्या-पाठीवर घ्यायचं बांबू आणि पानांचं छत्र) दिसलं आणि त्या खूश झाल्या. नमुन्याला बारा हवीत म्हणाल्या. कशाला, तर भिंतीवर लावायला! उद्या दुपारी त्या परत निघणार होत्या, म्हणून माझी ही धावपळ.

माले गावी उतरले. फाट्यापासून वस्ती दहा मिनिटांवर. इरली करणारी ठकूबाई अंगणातच होती.

"जयभीम बाई. या, सावलीला बसा. तोंड लाल झालंय तुमचं."

तिची सून शेवंता हिने तांब्याभर पाणी आणि पाठोपाठ तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, पानावर मूठभर करवंदं आणून ठेवली. भुकेने जीव कासावीस झाला होता. मी अगदी लाज सोडून जेवले.

जेवता जेवता ठकूबाईने घरची परिस्थिती सांगितली. "लावणीला आता समदी प्लास्टिकचा कागद घेत्यात. इरलं कोन घेतंय? परवा मुकादम येनार हाय. शेवंता पुन्याला बांधकामावर जाईल, पोर माझ्यापाशी ऱ्हाईल."

शेवंताची पोर दोन वर्षांची. आईचा पदर तोंडात धरून बसली होती. हॉलंडच्या बाईंना नमुना पसंत पडला तर इथेच वर्षभर काम मिळणार होतं. हे मी दोघींना सांगितलं.

इरली भिंतीला ओळीने टेकवलेली होती. खाली कांबट्यांची (बांबूच्या पातळ पट्ट्यांची) जाळी, वर पळसाच्या पानांचे थर. मी मोजली, बरोबर बारा. बांधायला सुतळी काढली तर ठकूबाई म्हणाली, "थांबा. पानी घालून बघाय पायजे."

"अहो, भिंतीवर लावायची आहेत! घरात कुठला पाऊस?"

"भितीवर लावा न्हाईतर डोचक्यावर घ्या. इरलं गळाय नगं. बसा खाली."

मी अंगणात कासवासारखी वाकून बसले. ठकूबाईने एकेक इरलं माझ्यावर ठेवायचं आणि शेवंताने वरून घागर रिकामी करायची. पहिली आठ कोरडी ठाक. नवव्याला मानेवर टपकन थेंब पडला. मी गप्प बसले. तीनची गाडी होती, त्यानंतरची थेट संध्याकाळी.

ठकूबाईने इरलं उचललं आणि माझ्या मानेवरून हात फिरवला.

"वली हाय की! उनात कळलं न्हाई व्हय?"

"नाही बाई, कळलंच नाही," मी म्हणाले. शुद्ध थाप!

तिने ते इरलं पायाखाली धरून कांबट्या फाडल्या. मला राग आला, चांगलाच आला. "ठकूबाई, बाराच हवी होती हो! एवढ्यासाठी सगळं हातचं घालवाल!"

"नवं करायला दोन दिस लागतील. ही अकरा न्या. पटली तर पटली."

उरलेली तीन तपासेपर्यंत तीनची गाडी गेली. एका टेम्पोवाल्याने दया केली आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसून, इरली पोटाशी धरून मी पुणं गाठलं.

सकाळी हॉलंडच्या बाईंनी मोजली आणि विचारलं, अकराच का? सगळं सांगितलं. 'मान ओली झाली' हे माझ्या मोडक्या इंग्रजीत बसेना, तेव्हा बोट पाण्यात बुडवून त्यांच्याच मानेला लावलं. त्या दचकल्या, मग बराच वेळ एक इरलं उलटंसुलटं करून बघत राहिल्या. निघण्यापूर्वी त्यांनी वर्षभराच्या मागणीवर सही केली.

कार्ड टाकलं तर पोचायला तीन दिवस, आणि मुकादम दुसऱ्याच दिवशी यायचा होता. मी लगेच पुन्हा एस.टी. पकडली. बातमी ऐकून शेवंता पोरीला उचलून आत गेली. आतून तिचं रडणं ऐकू आलं. माझेही डोळे भरून आले.

"ठकूबाई," मी म्हणाले, "काल थेंब पडलेला मला कळला होता."

"मला ठावं हाय की," ती हसली. "आमच्यापायीच गप ऱ्हायला तुमी. शेवंताचं काम जाईल म्हनून."

परतीच्या गाडीत जागा चांगली मिळाली, पण काही केल्या बरं वाटेना. मी गप्प राहिले होते ते तीनच्या गाडीपायी. ठकूबाईला हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.