ओइवाने बंद केलेली पिवळी पट्टी

ओइवा रौताकोस्कीची उभी हयात कागदाच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन म्हणून गेली. गिरणीला टाळं लागलं तेव्हा कचेरीतले काँप्युटर भंगारात निघाले होते. ते त्याने ट्रेलरमध्ये भरून घरी आणले, पुसूनबिसून प्रत्येकावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली आणि त्यातले सहा हाउकिसाल्मी गावच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत मांडून दिले. दर गुरुवारी दुपारी गावातल्या निवृत्त मंडळींचा क्लब तिथे भरे. कॉफी, वेलचीचे गोड पाव आणि ओइवाची फुशारकी, तिन्ही ठरलेली.

"काय रे, तुझ्या जावयाचा काँप्युटर पुन्हा आजारी पडला म्हणे?" तो कुणालाही गाठून विचारी. "इकडे आण. आमच्या लिनक्सला साधी सर्दीसुद्धा होत नाही."

क्लबात हिल्का सावेला नावाची बाई होती. चिंध्यांच्या सतरंज्या विणण्यात तालुक्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका जुन्या वेबसाइटवर चौकटीत रंग भरून सतरंजीचा नमुना आधी बघता यायचा, आणि ते तिचं फार आवडीचं काम होतं. पण ती साइट चालायची एका जुन्या प्लगइनवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या ठिगळावर. पुढे ते प्लगइन बनवणाऱ्यांनी त्याची देखभालच सोडली आणि नव्या ब्राउझरने त्याला दार बंद केलं. हिल्काच्या चौकटीच्या जागी नुसता राखाडी डबा दिसू लागला.

"ओइवा, माझे रंग गेले रे," ती म्हणाली.

"गेले म्हणजे? मी कशाला बसलोय इथे?"

त्याच आठवड्यात त्याने सहाही काँप्युटरवर जुना ब्राउझर परत बसवला, जुनं प्लगइन जोडलं आणि ते पुसलं जाऊ नये म्हणून अपडेट बंद करून टाकले. ब्राउझरच्या माथ्यावर मात्र एक पिवळी पट्टी यायची, 'हे प्लगइन जुनं आणि धोक्याचं आहे' असं सांगणारी. बायका ती बघून बिचकायच्या. ओइवाने तीही बंद केली.

वाचनालय सांभाळणाऱ्या तूलिक्कीने एकदा विचारलं, "इथे एक पिवळं काहीतरी यायचं, ते कुठे गेलं?"

"घालवलं. उगाच घाबरवत होतं सगळ्यांना."

"घाबरवण्यासाठीच असेल ना ते?"

"तूलिक्की, तू पुस्तकं बघ," ओइवा हसत म्हणाला, आणि बाकीचेही हसले.

दीड वर्ष काही झालं नाही. मग एका ऑक्टोबरात हिल्काची मेल उघडेना. तिच्या नावाने गावभर एक घाणेरडं पत्र गेलं होतं, खाली कसलीशी लिंक. चर्चच्या गायनवर्गातल्या दोघांनी ती दाबलीसुद्धा. पाच दिवसांनी खातं परत मिळालं, तेव्हा आतून ते रिकामं होतं. तिची बहीण लेम्पी स्वीडनला असायची. ती वसंतात वारली होती. तिची सात वर्षांची पत्रं त्यात होती.

"मीच काहीतरी दाबलं असणार," हिल्का खुर्चीत बसून म्हणाली. "पण मला काही आठवत नाही, ओइवा."

सगळे ओइवाकडे बघत होते. त्याने घसा साफ केला. "नको ते उघडलं असशील. होतं असं."

असं म्हणताना खरं कारण त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच त्याच्या बाजूने बोलता येईल. ते ठाऊक झालं दुसऱ्या दिवशी सकाळी. वाचनालय उघडायच्या आधी तो हिल्काच्या काँप्युटरपुढे बसला. चालू होताना आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींच्या यादीत त्याने कधीही न लिहिलेली एक ओळ होती. तारीख गेल्या महिन्यातल्या गुरुवारची, वेळ दुपारची, आणि त्या वेळी उघडी होती ती फक्त सतरंजीची साइट. कुणीतरी ती साइटच फोडून तिच्यात विष कालवलं होतं आणि ते जुन्या प्लगइनच्या भोकातून थेट आत उतरलं होतं. लिनक्सच्या मुख्य किल्लीला, म्हणजे सगळं यंत्र ताब्यात देणाऱ्या पासवर्डला, चोराने हातही लावला नव्हता. त्याला तिची गरजच पडली नाही. हिल्काचा पासवर्ड तिच्याच कप्प्यात, ब्राउझरने जपून ठेवलेला होता. तो चोराने उचलून नेला.

ओइवाने ती ओळ पुसली. सहाही काँप्युटर स्वच्छ करून त्यांवर नवा ब्राउझर चढवला. दुपारी तूलिक्कीला म्हणाला, "जरा साफसफाई केली. आणि सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांग, केव्हाही चांगलंच." का, ते सांगितलं नाही. घरी गेल्यावर त्याला जेवण गेलं नाही. उद्या सांगू, असं तो स्वतःला रोज म्हणत राहिला. हिल्काचं घर चुकवण्यासाठी दुकानात जाताना तळ्याकाठचा लांबचा रस्ता धरू लागला.

पुढच्या गुरुवारी हिल्का आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिची खुर्ची तशीच होती. कुणीतरी म्हणालं, "ती आता नाही यायची. म्हणते, माझं डोकं चालेनासं झालंय."

ओइवाने हातातला पाव तसाच बशीत ठेवला आणि टोपी घेऊन निघाला.

हिल्का स्वयंपाकघरात चिंध्या फाडत बसली होती. "ये. कॉफी ठेवते."

"नको ठेवूस. आधी ऐक." तो दारातच उभा राहिला. "तू काही दाबलं नव्हतंस. माझ्यामुळे झालं ते. जुनं प्लगइन मी ठेवलं, अपडेट मी थांबवले. काँप्युटर ओरडून सांगत होता, त्याचं तोंडही मीच बंद केलं. आणि हे मला कळून तेरा दिवस झाले."

हिल्काच्या हातातली चिंधी अर्धी फाटून राहिली.

"तेरा?"

"हो."

"मंगळवारी मी दवाखान्यात गेले होते," ती हळू म्हणाली. "विसरभोळेपणाची तपासणी करायला. पोरीएवढी नर्स. घड्याळ काढ म्हणाली कागदावर, अकरा वाजून दहा मिनिटं. दोनदा खोडलं मी. मुलाला फोन करून सांगितलं, माझं काही खरं नाही आता. तो रडला, ओइवा."

ओइवाने टोपी काढून हातात घेतली.

"पत्रं गेली, त्याचं वाईट वाटतंच," हिल्का म्हणाली. "पण तू शहाणा राहावास म्हणून मी वेडी ठरले. ते मला नाही पचत. जा आता."

तो गेला तो सरळ वाचनालयात. क्लब अजून पांगला नव्हता. तिथे उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं, पिवळ्या पट्टीपासून हिल्काला दिलेल्या खोट्या दोषापर्यंत. कुणी हसलं नाही, कुणी धीरही दिला नाही. तूलिक्की फक्त म्हणाली, "मला विचारायचं होतंस रे. निदान तिला सांगायचं होतंस." पिवळ्या पट्टीची आठवण तिने काढली नाही. काढली असती तर बरं, असं ओइवाला वाटलं.

दोन दिवसांनी त्याला सुचलं की लेम्पीने पाठवलेली पत्रं लेम्पीच्या काँप्युटरवर तरी असतील. स्वीडनमधल्या तिच्या मुलाला त्याने फोन केला आणि आपण काय करून बसलोय तेही त्याला सांगितलं. काँप्युटर माळ्यावर होता. मुलाने शेवटच्या चार वर्षांची पत्रं ओइवाला मेलने पाठवली. त्याआधीची मिळाली नाहीत.

"कागदावर छापून आणून देतो," ओइवाने हिल्काला फोनवर सांगितलं.

"तू नको," ती म्हणाली. "तूलिक्की छापेल. तू त्यातलं एकही वाचायचं नाहीस."

"वाचलेलं नाही, वाचणारही नाही."

नोव्हेंबरच्या शेवटी हिल्का क्लबात परत आली. तपासणीत काही निघालं नव्हतं. नमुने आता ती चौकटीच्या वहीत रंगीत पेन्सिलीने काढते. काही अडलं तर तूलिक्कीला हाक मारते, ओइवा शेजारी बसलेला असला तरी. तो उठत नाही, मधे बोलत नाही. मागे एक नवा सभासद मोठ्याने म्हणाला, लिनक्सला व्हायरस लागत नाहीत ना? ओइवाने मान खाली घातली आणि म्हणाला, "लागतात. बस, सांगतो कसे." हिल्का दोन खुर्च्या पलीकडे पेन्सिलीला टोक करत होती. तिने वर बघितलं नाही.