खालचा मजकूर

कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची धम्मपालला सवय होती. चाकणच्या ज्या कंपनीत तो एकोणीस वर्षं ब्रेकचे सुटे भाग तपासत होता, तिथे या सवयीची एरवी थट्टा व्हायची. ऑडिट जवळ आलं की मात्र ती सगळ्यांना हवी असायची. पिंपरीच्या फाउंड्रीत उभी हयात घालवलेल्या भीमराजचा हा थोरला मुलगा. डिप्लोमा करून क्वालिटीत लागला, तेव्हा बापाने संत तुकाराम नगरात घरोघर पेढे वाटले होते.

दिग्विजय ट्रेनी म्हणून आला, तेव्हा मोजमापाची साधनं हातात धरायला त्याला धम्मपालनेच शिकवलं. आता तो विभागाचा प्रमुख होता. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं धम्मपाल म्हणायचा. असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली होती, आणि त्या सोमवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी दिग्विजयने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की या खेपेला तुमचंच नाव आहे.

दुपारी दिग्विजयची मेल आली. ऑडिटच्या कामांची यादी, विभागातल्या अकरा जणांना. धम्मपाल यादी वाचून आणखी खाली गेला. खाली दिग्विजय आणि प्लँट हेड अर्जुनराव यांचं आपापसातलं लिहिणं तसंच चिकटून आलं होतं. काढायचं राहून गेलं होतं.

धम्मपालचं काय करायचं, असं अर्जुनरावांनी विचारलं होतं. दिग्विजयने लिहिलं होतं: ‘काम चोख आहे, पण कस्टमरसमोर बसवण्यासारखा माणूस नाही. शिवाय ही मंडळी वर आली की आपल्याच लोकांना ओढतात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. ऑडिट होईपर्यंत आशेवर ठेवू. जागा सुजितला देऊ.’

धम्मपालने ते तीनदा वाचलं. मान वर केली, तर समोरच्या टेबलावरच्या सुजितने घाईघाईने नजर स्क्रीनकडे वळवली. पलीकडचे दोघे चहाला उठले. रोज त्याच्या डब्यातली भाजी वाटून खाणारी माणसं ही. वीस मिनिटांनी मेल परत घेत असल्याची सूचना आली, आणि ज्यांनी ती नीट वाचली नव्हती त्यांनीही वाचली.

दिग्विजयने केबिनमध्ये बोलावलं. एचआरची दिव्या आधीच येऊन बसली होती. दिग्विजय बराच वेळ बोलला. संदर्भ वेगळा होता, धम्मपालला तो गुरूच मानतो, गडबडीत चूक झाली.

“कुठली चूक?” धम्मपालने विचारलं. “पाठवली ती, का लिहिली ती?”

दिग्विजय पेनाचं टोपण काढघाल करत राहिला. दिव्याने एक कागद पुढे सरकवला. मेल डिलीट केली आहे, कुणालाही दाखवणार नाही, दाखवल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. धम्मपालने सही केली नाही. टेबलावर येऊन त्याने मेलची प्रिंट काढली आणि घडी करून खिशात ठेवली.

घरी सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण जेवताना भीमराजने जागेचं काय झालं म्हणून विचारलं, आणि त्याच्याने खोटं बोलवेना. त्याची बायको अंजली पोळी लाटायची थांबली. म्हाताऱ्याने ताट बाजूला सारलं.

“आमच्या टायमाला तोंडावर बोलायचे,” तो म्हणाला. “आता लिवून ठिवतात. कागद जपून ठेव.”

धम्मपालने प्रिंट जोडून हेड ऑफिसला तक्रार केली.

ऑडिटच्या तिसऱ्या दिवशी कस्टमरच्या माणसांनी एका लॉटच्या चाचणीबद्दल खोदून विचारलं आणि दिग्विजयची बोलती बंद झाली. धम्मपालला गप्प बसता आलं असतं. पण त्या ब्रेकवर कुणाची तरी गाडी थांबणार होती. त्याने आपल्या साध्या इंग्रजीत सगळं समजावून दिलं. पाहुण्यांनी हात मिळवला. परत येताना बसमध्ये त्याला स्वतःचाच राग येत होता.

जागा सुजितलाच मिळाली. तो पेढे घेऊन आला आणि खाली बघत म्हणाला, की दादा, यात माझा काही हात नाही. धम्मपालने ते मान्य केलं, पण पेढा घेतला नाही.

तक्रारीचं उत्तर चार महिन्यांनी आलं. प्रकरणाची गंभीर दखल घेतली असून संपूर्ण विभागाला ईमेलच्या काळजीपूर्वक वापराचं प्रशिक्षण देण्यात येईल. दुसरं काहीच नव्हतं.

एका शनिवारी हिंजवडीहून एक तरुण प्रशिक्षक आला. मेल पाठवण्याआधी नावं तपासा, पुढे पाठवताना खालचा मजकूर पुसा, असं त्याने चित्रं दाखवून शिकवलं. पहिल्या रांगेत बसून दिग्विजय वहीत लिहून घेत होता. शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा झाली. वीसच्या वीस उत्तरं एकट्या धम्मपालची बरोबर आली. प्रशिक्षकाने त्याला पुढे बोलावलं आणि विभागप्रमुखांच्या हस्ते प्रमाणपत्र दिलं. दिग्विजय हसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सुजितने जरा जास्तच.

ते प्रमाणपत्र त्याने कँटीनच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. सोमवारी फर्स्ट शिफ्टच्या बससाठी तो नेहमीच्या वेळेला थांब्यावर उभा होता.