विहिरीवरचं भांडण

केळीच्या ओल्या खांबांचा वास आला की मला चोपड्याजवळच्या आमच्या शेतातली विहीर आठवते. एका उन्हाळ्यात गावचं पाणी आटलं आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, ती सगळ्यांना खुली केली. बायका हंडे भरत असताना विहिरीत वाटा असलेले आबांचे भाऊ, नानाकाका, धावत आले आणि त्यांनी एक हंडा लाथेने उडवला.

“हाई विहीर मनी बी शे! मनी केळी जळी राहिनी, अन् तू बठ्ठा गावले पानी वाटस?”

“आधी मानसे, मंग केळी,” म्हणत आबांनी तो हंडा पुन्हा भरून दिला.

काका थुंकले. त्याच दिवशी त्यांनी वाटणी मागितली.

आता केळी मीच लावते, त्यामुळे त्यांचा तो राग मला कळतो. पण नव्वदीत आबा गेले तेव्हा सारं गाव रडत होतं आणि काका शेजारीच दार लावून बसले होते. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.