हयात यादीतली चौकट

पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिंग केलं आणि निवृत्त झाले, तेव्हापासून दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. पूर्वी त्यासाठी बँकेत जायचं. तिथं पेन्शनवाल्यांची छापील यादी असायची, तिला हयात यादी म्हणायचे. आपल्या नावापुढच्या चौकटीत सही ठोकली की वर्षभर आपण जिवंत. पण आपलं नाव आधी कोण शोधतंय! प्रत्येकजण बोट सरकवत दुसऱ्यांच्या चौकटी बघायचा. "हाय की अजून आमचा सायेब!" अशी आरोळी उठली की सगळी रांग हसायची.

ती त्या रांगेत भेटली. सरकारी दवाखान्यात नर्स होती. आमची नावं यादीत एकाखाली एक, एवढाच काय तो संबंध. पहिल्याच वर्षी बाईनं माझ्या चौकटीत सही केली. मी खवळले. "ओ बाई, मला जित्तेपणी मारताय व्हय?"

ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही माझ्यात करा की अक्का. दोघी जित्या राहू."

तिचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, म्हणून भेटल्या भेटल्या मी तिची अक्का झाले. मी खरंच तिच्या चौकटीत सही केली. मग कारकून दोघींवर ओरडला, त्यानं बाण काढून दुरुस्ती केली, आणि आम्ही बाहेर चिंचेखालच्या बाकावर बसून पोट धरून हसलो.

पुढं दरवर्षी एक तारखेला तोच बाक. ती शेंगाची पोळी आणायची, मी भडंग. माझ्या डब्याला आधी नाक लावायची. "मटणाच्या चमच्यानं न्हाई ना कालवलं?" मी म्हणायचे, "त्याच्याशिवाय चव येती व्हय?" आणि तरी सगळं भडंग तीच संपवायची. दोन-तीन तास बोलायचो. सुना, गुडघे, तिच्या हातावर जन्मलेली पोरं, माझ्या हातून टाइप झालेल्या बदल्या. नवरा गेल्यावर तिनं इथलं घर सोडलं आणि तिकडं सीमेकडं मुलाकडं राहायला गेली, पण खातं काही हलवलं नाही. "खातं हलवलं तर तुला कुठं बघू?" म्हणाली. मी तिचा नंबर कधी घेतला नाही. एकदा मागितला, तर म्हणाली, "फोन सून उचलती. नोव्हेंबरात भेटतोयच की." मलाही पटलं. सरकारनंच आमची भेट ठरवून दिलेली, ती कशाला चुकतीय!

ती भेट मोडली मीच. आमच्या पेन्शनर संघटनेत रांगेचा विषय निघाला. एक बाई पायरीवरून पडून मांडी मोडून घेतलेल्या, एकांना रिक्षात घालून आणलेलं. घरबसल्या दाखला देता यावा आणि तो शिकवायला संघटनेला मदत मिळावी, असा अर्ज लोकशाही दिनात द्यायचं ठरलं. टाइप कुणी केला? मी. कलेक्टरसाहेबांसमोर उभी राहून बोललेही मीच. मग मोबाइलवर सोय आली तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ओट्यावर बसवून मी शिकवलं. मोबाइल तोंडासमोर धरायचा, तो सांगेल तेव्हा डोळे मिचकवायचे, झालात जिवंत! फार मिरवले मी त्या दिवसांत. आजही म्हणते, सोय चांगलीच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सरकारनं का पळवावं?

पण पहिल्या नोव्हेंबरात डोळे मिचकवून झाले आणि घरात एकदम सुनं सुनं वाटलं. भडंग केलं नव्हतं. बाक आठवला. म्हटलं, तिनंही घरूनच केलं असेल, तिचा त्रास वाचला. तिच्या घरी सुनेकडचा साधा बटणांचा फोन होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अशी तीन वर्षं घालवली मी.

यंदा नोव्हेंबर निम्मा सरल्यावर संघटनेत कुणीतरी बोललं, सीमेकडं राहणाऱ्या एक नर्सबाई ऑक्टोबरात वारल्या म्हणे. नाव त्याला माहीत नव्हतं. मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी रिक्षा केली आणि बँक गाठली.

पेन्शनच्या टेबलावर पन्नाशीचा माणूस होता. त्याला तिचं नाव सांगितलं. "हाय का ती? एवढंच सांगा."

"दुसऱ्याची माहिती देता येत न्हाई मावशी."

"मी काय तिची पेन्शन खाणार हाय व्हय? हाय का गेली, एवढं बोला!" माझा आवाज चढला आणि फुटलाही.

त्यानं मला पाणी दिलं, माझं नाव विचारलं आणि माझ्याकडं बघतच राहिला. "म्हंजे ती अक्का तुम्ही? त्या आजी दरवर्षी एक तारखेला येत्यात. यंदाही आल्या. विचारत्यात, अक्का आली का? आम्ही सांगतो, त्यांचं ऑनलाइन झालंय. मग त्या बाहेर बाकावर बसत्यात. दुपारपर्यंत बसत्यात."

तीन वर्षं ती डबा घेऊन त्या बाकावर, आणि मी घरात मोबाइलपुढं डोळे मिचकावत होते.

तिच्या नोंदीतला नंबर त्यानं माझ्यासमोर लावून बघितला. तो इथल्या जुन्या घराचा, कधीच बंद पडलेला. मग तो म्हणाला, "नजर मात्र लई अधू झालीय आजींची. दरवर्षी चुकत्यात, बघा." आणि यादी माझ्यापुढं फिरवली. कागदावर सही करणारे आता मोजकेच. माझ्या नावापुढं 'ऑनलाइन' असा शिक्का होता आणि त्या शिक्क्यावरच तिची सही. बाण काढून दुरुस्त केलेली. तिची स्वतःची चौकट मोकळी होती.

ती चुकली नव्हती. तिनं ती चौकट माझ्यासाठी ठेवली होती.

"पेन द्या," मी म्हटलं.

"मावशी, ती चौकट तुमची न्हाई."

"माहीत हाय," म्हटलं, आणि तिच्या चौकटीत सही केली. त्यानं बाण काढला, पण ओरडला नाही. पुढच्या नोव्हेंबरात एक तारखेला मी भडंग घेऊन त्या बाकावर जाणार आहे. तोवर तिनं टिकायला पाहिजे, आणि मीही.