मॅनेजर सांगेल तिथे जेवा

आमच्या गावात बसमधून उतरलेली माणसं आधी डोंगराकडे बघतात आणि मग कुडकुडत माझ्या दुकानात शिरतात. मी स्वेटर, टोप्या आणि मोजे विकते. टोपी कानावर ओढली की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "इथे जेवायला चांगलं कुठे मिळेल?" मी सांगते, वरच्या लॉजवर मॅनेजरला विचारा. तो सांगेल तिथे डोळे मिटून जेवा.

मॅनेजर हे नाव आम्ही ठेवलेलं. लॉजच्या मालकाने त्याला कसलंच पद दिलेलं नाही. चाव्या तो देतो, गाद्या तो झटकतो, बंब तो पेटवतो आणि नळ गळला तर पानाही तोच घेऊन येतो. लॉजला स्वयंपाकघर नाही, त्यामुळे पाहुण्यांच्या पोटाची काळजीही त्याच्याच गळ्यात.

गंमत म्हणजे तो स्वतः कुठेच जेवायला जात नाही. लग्न केलं नाही, खोलीवर भात टाकतो, त्यावर डाळ ओततो, संपलं जेवण. मग कुठे काय चांगलं मिळतं हे त्याला कळतं कसं, ते मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. एका सकाळी पाहुण्याची विसरलेली शाल द्यायला मी लॉजवर गेले, तर हा खोल्याखोल्यांतून पाण्याचे तांबे गोळा करत होता आणि प्रत्येक तांब्यात वाकून बघत होता.

"काय रे, मासे पाळलेस की काय?" मी म्हटलं.

"हे काल पुलापलीकडे जेवले," त्याने तांब्या उपडा करून दाखवला. थेंब पडला नाही. "रात्रभर पाणी पीत होते बिचारे. आता काही दिवस तिथे कुणाला पाठवायचं नाही." मग दुसरा तांब्या काठोकाठ भरलेला. "हे चढावरच्या खानावळीत गेले होते. शांत झोपले."

मी हसले खरी, पण त्याचा अंदाज कधी चुकल्याचं मी ऐकलं नाही.

तर अशा ह्या माणसाची वहिनी माझ्या दुकानासमोरच राहते. ती लग्न होऊन आली तेव्हा हा तिच्या कमरेला लागत होता आणि ह्याची आई नुकतीच गेली होती. तिनेच ह्याला न्हाऊमाखू घातलं, तिनेच शाळेत सोडलं. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला, आणि हा मोसम सुरू व्हायच्या आत तिने पुढच्या खोलीत टेबलं मांडून खानावळ काढली. हौस म्हणून नाही. घरात नुसतं बसवेना म्हणून, आणि पोटासाठी.

सगळ्यांना वाटलं, दीर लॉजवर आहे, वहिनीला आता काय कमी! पण ह्या पठ्ठ्याने पहिल्या आठवड्यात दोन कुटुंबं पाठवली आणि मग जी पाठ फिरवली ती फिरवलीच. पाहुणे माझ्या डोळ्यांसमोरून, वहिनीच्या दारावरून चढाकडे जायचे.

वहिनी त्याला जन्मभर "अरे धाकट्या" म्हणत आली होती. आता एकदम "भावोजी" आणि "तुम्ही" सुरू झालं. आपल्यात माणूस किती रागावलंय हे मोजायचं तर घरच्याला अहो-जाहो करतंय का ते बघावं.

"साऱ्या गावाची दारं त्याला दिसतात, माझं तेवढं दिसत नाही," एकदा ती माझ्याकडे येऊन बसली तेव्हा म्हणाली. "हा मोसम असाच गेला ना, तर मी कुलूप लावणार आणि खाली बहिणीकडे जाऊन राहणार. ट्रंक काढून ठेवलीय माळ्यावरून."

मला हे सहन होईना. मी दुकानाचं फळकूट ओढलं आणि तडक लॉज गाठलं. "लाज नाही वाटत?" मी मॅनेजरला म्हटलं. "जिने वाढवलं तिच्या पोटावर पाय देतोस?"

तो गादी झटकायचा थांबला. "पाठवली होती की दोन कुटुंबं. दोघांचेही तांबे कोरडे. एकाने तर रात्री दार वाजवून आणखी पाणी मागितलं. तिच्या हाताला काय झालंय कळत नाही, मीठ दुप्पट पडतंय."

"मग सांग की तिला."

"मी सांगू? तिच्या हातचं खाऊन मोठा झालो. तिला तोंड वर करून म्हणू, तुझं अन्न खाववत नाही?"

"नाही सांगायचं तर नको. पाहुणे पाठव. ते काय उद्या निघून जातात."

"ते माझ्यावर विश्वास ठेवून विचारतात हो," तो म्हणाला आणि परत गादी झटकायला लागला.

इथे घोडं पेंड खात होतं. मी दिवसभर जाड्या माणसांना "अगदी मापाचा बसलाय" म्हणणारी बाई, मला हे सोवळं झेपत नाही. खोटं बोलायला ह्याची जीभ वळेना, खरं बोलायला तोंड उघडेना, आणि तिकडे ट्रंक भरली जात होती. "निदान एकदा जाऊन जेव तरी," मी म्हटलं. "तेवढं तर करशील?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या दुकानातून नीट दिसेना, म्हणून विणकाम घेऊन मीही खानावळीत जाऊन बसले. दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच.

"बसा भावोजी. काय वाढू?" वहिनीने विचारलं.

"असेल ते."

भात, डाळ, बटाट्याचा रस्सा. तिने मुकाट्याने वाढलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचा एक जुना नियम मला माहीत आहे, कारण तो ती सगळ्यांनाच सांगते: जेवताना पाणी प्यायचं नाही, पाण्याने पोट भरतं आणि अन्न पानात राहतं. लहानपणी ती ह्याचा पेला उचलून फळीवर ठेवायची. हाही जेवण संपेपर्यंत पाण्याला शिवत नसे, अजून नाही.

दोन घास त्याने नीट खाल्ले. तिसऱ्याला हात पेल्याकडे गेला आणि अर्ध्यातून मागे आला. पुढचा घास कसाबसा उतरला. मग त्याने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. थोड्या वेळाने माझ्यापुढचाही पेला ओढून प्यायला.

वहिनी पुढे आली. रिकामे पेले बघितले आणि त्याच्यासमोर बसली.

"खारट झालंय?"

त्याने मान खाली घातली. "हो."

"आजच?"

"नाही. सुरुवातीपासून."

मला वाटलं, आता कडाडणार. पण तिने त्याच्या ताटातला रस्सा बोटावर घेऊन जिभेला लावला. परत एकदा लावला. "मला तर बेताचं लागतंय," ती हळूच म्हणाली.

मग बोट पदराला पुसत म्हणाली, "मी कधी चव घेतलीच नाही रे. कढई उतरवायच्या आधी तुझ्या दादाच्या हातावर टाकायची, मीठ बघा म्हणायची. त्यांच्या आधी, तू लहान होतास तेव्हा, तुझ्या हातावर. माझी जीभ कधी गेली, कुणास ठाऊक."

"मला हाक मारायची मग."

"आणि तू का नाही बोललास?"

तिने ताट ओढून घेतलं, राहू दे म्हणाली. त्याने ते परत आपल्याकडे ओढलं आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. मी लोकरीचे टाके किती चुकवले ते घरी जाऊन बघितलं.

आता खानावळ उघडायच्या आधी तो रोज चढ उतरून येतो आणि मागच्या दाराने आत जातो. माझ्या दुकानातून तिच्या स्वयंपाकघराची बाजूची खिडकी दिसते. "हात पुढे कर," वहिनी म्हणते. केस पिकलेला हा माणूस तळहात पुढे करतो. ती पळीतल्या रश्श्यावर आधी फुंकर घालते, मग थेंब टाकते. तो चाटतो आणि सांगतो, अजून घाल, किंवा पुरे. त्याला यायला उशीर झाला तर पाहुणे ताटकळतात, पण ती झाकण काढत नाही. पाहुणेही आता त्यानेच पाठवलेले असतात, आणि ट्रंक परत माळ्यावर गेली आहे.

परवा मी त्याला छेडलं, "रोज कढईतला रस्सा हातावर घेतोस, भाजत नाही का रे?"

"लहानपणापासून घेतोय," तो म्हणाला, "तिने कधीच भाजू दिलं नाही."